ताईंनी ज्यांच्याविरुद्ध भाषण केलं त्या गायी

ऑकलंडच्या विमानतळावर माझ्या नणंदेच्या चपला धुतल्या गेल्या. गेल्या महिन्याभरात गुरांजवळ गेला होतात का, असा प्रश्न तिथे सगळ्यांनाच विचारतात. बहुतेक जण नाही म्हणतात आणि पुढे जातात. ताईंनी छातीठोकपणे सांगितलं, "येस. एव्हरी डे." मग त्यांना बाजूला घेतलं, पायातल्या चपला काढायला लावल्या, बॅगेतले बूटही मागून घेतले. हातमोजे घातलेल्या एका मुलीनं दोन्ही जोड आत नेऊन ब्रशनं घासले आणि पिशवीत घालून परत आणून दिले. ताई बाहेर आल्या त्या हातात ती ओली पिशवी घेऊन.

"अगं, लग्नात नवरदेवाचे पाय धुतात," त्या मला म्हणाल्या, "चपला धुतलेल्या आज पहिल्यांदा बघितल्या."

आपल्याकडच्या जनावरांना लाळ्या-खुरकुताचा रोग होतो, तो या देशात नाही आणि तो येऊ नये म्हणून ही सगळी काळजी, हे मी गाडीत बसल्यावर समजावलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. आपल्या गायींना जपतात. आम्ही तरी दुसरं काय करत होतो?"

'आम्ही करत होतो' म्हणजे काय, ते सांगायला हवं. ताई माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात बायकांची दूध संस्था आहे आणि तिचं संकलन केंद्र ताई गेली अठरा वर्षं चालवतात. काही वर्षांपूर्वी आशियातल्या बऱ्याच देशांनी मिळून एक मोठा व्यापार करार करायचं ठरवलं होतं. एकमेकांच्या मालावरचा कर कमी करायचा किंवा काढूनच टाकायचा, असा तो बेत. भारत त्यात जाणार, जाणार, असं बरीच वर्षं चाललं होतं. त्या गटात न्यूझीलंडही होतं. न्यूझीलंडची दूध पावडर बिनकराची आली तर आपलं दूध कोण घेणार, या भीतीनं गावोगावी सभा झाल्या. तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या सभेत ताईंनी आयुष्यातलं पहिलं भाषण केलं. त्याचा व्हिडिओ आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आला होता. पदर खोचून, माइक दोन्ही हातांत घट्ट धरून त्या म्हणत होत्या, "त्यांच्या एका गोठ्यात आमच्या अख्ख्या गावापेक्षा जास्त गायी आहेत. त्या गायींशी आमची एकेक म्हैस कशी लढणार?" शेवटी भारत त्या करारात गेलाच नाही.

तो व्हिडिओ मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ शहरात, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून पाहिला होता. मी तिथे फार्मासिस्ट आहे. आमच्या घरापासून दहा मिनिटं गाडी चालवली की दोन्ही बाजूंना त्याच गायी. आठ वर्षं मी त्यांच्याशेजारून जात होते आणि त्यांचं दूध कुठे जातं हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

ताई तीन महिने राहायला आल्या होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मला त्या गायी बघायच्यात."

आठवडाभर थांबावं लागेल, असं मी सांगितलं. परदेशात गुरांत वावरलेल्या माणसाला इथले शेतकरी लगेच गोठ्यात घेत नाहीत. मग तो आठवडा आम्ही गावात हिंडलो. माझी नऊ वर्षांची मुलगी एका संध्याकाळी म्हणाली, "मम्मा, कॅन वी गो टू द डेअरी?" ताई ताडकन उठल्या. पायात चपला सरकवून त्या आमच्याआधी दारात. कोपऱ्यावरच्या दुकानात शिरल्यावर त्यांनी सगळीकडे पाहिलं. चॉकलेटं, वेफर्स, आइस्क्रीमचा फ्रीज, सिगारेटींचं बंद कपाट.

"डेअरी कुठाय?"

"हीच डेअरी. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात."

ताईंनी फ्रीजमधली दुधाची बाटली उचलून किंमत पाहिली, माझ्याकडून तिचे रुपये करून घेतले आणि बाटली परत ठेवली. घराच्या वळणावर म्हणाल्या, "एवढ्या गायी असून दूध इतकं महाग? मग ह्यांना काय उपयोग त्या गायींचा?"

रात्रीच्या जेवणाला मी तो प्रश्न नवऱ्यापुढे ठेवला. तो आयटीत आहे आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं अशी त्याची समजूत आहे. तो म्हणाला, "दूध जगभर विकलं जातं. बाहेर जो भाव मिळतो तोच इथल्या माणसालाही द्यावा लागतो. आणि ताई, तुला राग येईल, पण आपण त्या करारात जायला हवं होतं. शहरातल्या गरिबाला दूध स्वस्त मिळालं असतं. दार किती दिवस लावून बसणार?"

"तू दूध काढायचं सोडून पुण्याला गेलास तेव्हापासून दूध पितोच आहेस," ताई म्हणाल्या. "पिणाऱ्यानं बोलणं सोपं आहे." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझी मुलगीपण हेच म्हणते. ती पुण्यात विकत घेते ना. भाषण करून घरी आले तर तिचा फोन. म्हणे, आई, स्वस्त झालं असतं तर बरंच झालं असतं की. काय बोलणार?"

मला तेव्हापासून खरी उत्सुकता लागली. बातम्यांत हे करार म्हणजे देश आणि देश यांच्यातली गोष्ट असते. इथे तर एका ताटावर भाऊ-बहीण आणि फोनच्या दोन टोकांना आई-मुलगी वेगवेगळ्या बाजूंना होती.

माझ्याबरोबरच्या एका नर्सच्या आईचं शेत जवळच्या फीलडिंग गावाच्या पलीकडे आहे. तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे छानच, "शनिवारी दुपारच्या धारेला या. तीनच्या आत पोहोचा."

मालकीणबाई सत्तरीच्या आसपासच्या. उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केस मागे रबर लावून बांधलेले. "किया ओरा," असा माओरीतला नमस्कार करून त्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि आधी ताईंना, मला आणि माझ्या मुलीला बूट दिले. फाटकाशी जंतुनाशकाचा ट्रे होता, त्यात पाय बुडवून आत जायचं होतं. ताईंनी न सांगता दोनदा बुडवले.

ऑक्टोबर होता. वारा भणभणत होता आणि डोंगररांगेवरच्या पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. साडेचारशे गायी रांगेनं, कुणी न हाकलता, गोठ्याकडे येत होत्या. गोठा म्हणजे काँक्रीटचं प्रचंड गोल ताट, सावकाश फिरणारं. गाय एका बाजूनं चढते, तिच्या सडांना यंत्र लागतं, ताटाची एक फेरी होते, यंत्र आपोआप गळून पडतं आणि गाय मागे सरकून उतरून जाते. हे सगळं सांभाळायला मालकीणबाई आणि फिलिपिन्सहून आलेला एक कामगार. दोघंच.

ताई पाठीमागे हात बांधून उभ्या राहिल्या. किती वेळ? मी घड्याळ पाहिलं नाही, पण ताटाच्या तीन फेऱ्या तरी झाल्या असतील. मला वाटलं, त्या घाबरल्या. मग त्यांनी विचारलं, "पान्हा कसा सोडतात? ना वासरू, ना चुचकारणं."

मी भाषांतर केलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आवाजानं. यंत्र सुरू झालं की त्यांना सवयीनं कळतं. पण नव्या गायींना मी अजून पाठीवर हात ठेवते."

"मग ठीक," ताई म्हणाल्या. जणू एखाद्या परीक्षेत बाई पास झाल्या होत्या.

मग भाव निघाला. लिटरला किती मिळतात, असं ताईंनी विचारलं. बाईंना प्रश्नच कळेना. त्यांना लिटरवर पैसे मिळत नाहीत, दुधातलं पाणी वगळून उरेल त्याच्या किलोवर मिळतात. मी अडखळत हे सांगितलं, तर ताईंचा चेहरा उजळला. "म्हणजे फॅट आणि प्रोटीन! मग आमच्याकडे काय वेगळं आहे? मी रोज मशीनवर फॅट काढते." त्या दोघींना दुधाचं एकमेकींचं पटकन कळत होतं, आणि दोन्ही भाषा येणारी मी मधल्यामध्ये अडाणी.

"भाव कोण ठरवतं?" ताईंचा पुढचा प्रश्न.

"कॉम्प्युटरवर लिलाव होतो. चीनमधल्या कुणीतरी पावडर घ्यायची नाही असं ठरवलं की इकडे माझं नवं कुंपण पुढच्या वर्षावर जातं."

"आणि तुमचं दूध पितं कोण?"

बाईंनी खांदे उडवले. "टँकर फाटकातून बाहेर गेला की मला काही माहीत नसतं."

ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "एवढ्या गायींची मालकीण, आणि गिऱ्हाईक माहीत नाही."

धार संपल्यावर बाईंनी स्वयंपाकघरात चहाला बसवलं. स्कोन म्हणजे इथले छोटे पाव, जॅम आणि वर दाट क्रीम. ताईंनी क्रीम बोटावर घेऊन चाखलं, मान हलवली. मग कप खाली ठेवून त्या मला म्हणाल्या, "आता नीट विचार. म्हणावं, आमच्या देशानं सही केली असती तर तुमची पावडर आमच्या गावात आणून ओतणार होतात का? आमच्या बायकांचं काय होईल, हे तुमच्या मनात आलं होतं का?"

पाहुणचार घेत बसलेलं घर. माझी जीभ रेटेना. मी इंग्रजीत म्हटलं, "भारतीय बाजारपेठेत तुम्हाला कितपत रस होता, असं त्या विचारताहेत."

शेजारून माझी मुलगी स्कोन खाता खाता म्हणाली, "दॅट्स नॉट व्हॉट आत्या सेड." आणि तिनं ताईंचा प्रश्न जसाच्या तसा, एकही शब्द मऊ न करता इंग्रजीत सांगून टाकला. घरी मराठीत एक वाक्य न बोलणारी मुलगी!

मालकीणबाईंनी सुरी बाजूला ठेवली. "हो," त्या म्हणाल्या. "विकली असती. जो घेईल त्याला विकावीच लागते. तुमच्या बायका मनात आल्या होत्या का? नाही. त्या आहेत हेच मला माहीत नव्हतं. भारत बाहेर पडल्याची बातमी मी रेडिओवर ऐकली. वासरांना दूध पाजत होते. अरेरे म्हटलं आणि पुढच्या वासराकडे गेले."

मी हे सांगितलं, यावेळी काहीही न बदलता. मुलगी लक्ष ठेवून होती. "खरं बोलली," ताई म्हणाल्या. "मला वाटलं होतं गोड बोलून टाळेल."

मग मालकीणबाईंनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. त्या शाळेत होत्या तेव्हा त्यांच्या वडिलांचं याच जागी छोटं शेत होतं. त्यांचं सगळं लोणी इंग्लंडला जायचं. सगळं. वडिलांची मोठी बहीण लग्न होऊन तिकडेच राहिली होती आणि प्रत्येक पत्रात न चुकता लिहायची, 'आज दुकानात तुझं लोणी बघितलं.' ते लोणी यांच्याच शेतातलं असणं शक्य नव्हतं, पण वडिलांना ते वाक्य आवडायचं. मग ब्रिटन युरोपातल्या शेजारी देशांच्या बाजारात सामील झालं. त्या गटात आतल्यांचा माल आधी, बाहेरच्यांचा मोजूनमापून. काही वर्षं सवलत मिळाली, तीही दरवर्षी कमी होत जाणारी. आत्याच्या पत्रांत आता फ्रान्सचं आणि डेन्मार्कचं लोणी यायला लागलं. एका पत्रात तिनं लिहिलं, हे महाग आहे आणि मला आवडतही नाही, पण आता दुकानदार हेच ठेवतो.

"वडील आत्यावर चिडले," बाई म्हणाल्या. "कित्येक महिने तिला पत्र लिहिलं नाही. बिचारीचा काय दोष? पण सरकारवर चिडता येत नव्हतं, तिच्यावर येत होतं. आई मग चोरून लिहायची."

"पुढे?" ताईंनी मला थांबूच दिलं नाही.

"पुढे निम्म्या गायी विकून मांसासाठी बैल पाळले. ते अमेरिकेला जायचे. शेजाऱ्यांनी शेत विकलं. आम्ही शिकलो, गिऱ्हाईक शोधत जपानला गेलो, अरबांकडे गेलो, चीनला गेलो. म्हणूनच इतक्या गायी झाल्या. मला हौस नव्हती साडेचारशेची." त्या हसल्या. "दुसऱ्यांच्या करारात आपण बाहेर राहिलो की काय होतं, ते मला माहीत आहे. तुम्हाला आत जाण्याची भीती होती. आम्ही बाहेर राहून पोळलो."

आता बाईंची विचारायची पाळी होती. तुमचं केंद्र कसं असतं? ताईंनी हातवारे करत सांगितलं. सकाळी साडेपाचला शटर उघडायचं. बायका किटल्या घेऊन येतात, कुणी तीन लिटर, कुणी दीड. प्रत्येकीचं फॅट काढायचं, पावती द्यायची. कुणाची सासू आजारी, कुणाची मुलगी बाळंत, ते ओळीतच कळतं.

"दीड लिटर?" बाईंना वाटलं मी आकडा चुकले. "प्रत्येकीच्या गायी किती?"

"एक. लई झाल्या तर दोन."

"आणि ती आटली म्हणजे?"

"तेव्हा शेजारणीची आटलेली नसते," ताई म्हणाल्या. "संस्था त्यासाठीच असते."

मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे एकाच महिन्यात सगळ्यांच्या आटतात." निघताना त्यांनी ताईंना क्रीमचा डबा दिला, आणि ताईंनी तो मांडीवर धरून घरापर्यंत आणला.

त्यानंतर ताई बदलल्या असं मी म्हणणार नाही. करारात न जाणंच योग्य होतं हे त्यांचं मत तसंच राहिलं. पण त्यांच्या प्रश्नांची दिशा फिरली. एका सकाळी नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं खोकं हातात घेऊन त्या चष्म्याखालून वाचत होत्या. "मेड इन इंडिया. अगं, ही आपल्याकडची?"

"हो. मी रोज ज्या गोळ्या देते त्यातल्या बऱ्याच आपल्याकडच्याच असतात. स्वस्त आणि चांगल्या."

"मग इथं आधी गोळ्या बनवणारं कुणी नव्हतं का? त्यांचं काय झालं?"

मी पंधरा वर्षं या व्यवसायात आहे. हा प्रश्न मला सुचला नव्हता. आमच्या विभागात निवृत्तीला आलेल्या एक बाई आहेत, त्यांना मी दुपारी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सुरुवात तिथेच केली. ऑकलंडमधल्या एका कारखान्यात गोळ्या पॅक करायचे. बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि तो बंद झाला. मग मी शिकले आणि फार्मासिस्ट झाले."

"राग नाही आला?"

"तेव्हा आला. पण आता ज्यांना औषध परवडलं नसतं त्यांना मीच ते हातात देते. हीप्स ऑफ देम. ढीगभर माणसं."

मी घरी येऊन ताईंना हे उत्साहानं सांगितलं. मला वाटलं, गोष्ट चांगली संपते. ताई भाजी निवडत होत्या. "आणि बाकीच्या बायका? ज्या शिकल्या नाहीत त्या?" मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. त्या बाईंना दोघींची नावं आठवली. पुढे त्या कुठे गेल्या, ते त्यांना माहीत नव्हतं.

ताई परत गेल्या. गावी जाऊन त्यांनी दोन गोष्टी केल्या. संस्थेच्या बैठकीत मांडलं की सगळं दूध एकाच संघाला घालायचं बंद करून थोडं आपण शहरात थेट विकावं. आधी हसल्या सगळ्या. आता त्यांचं पनीर मिरजेच्या दोन हॉटेलांत जातं आणि पुण्यातल्या मुलीच्या सोसायटीत दर आठवड्याला दुधाच्या पिशव्या जातात, संघाची पिशवी दुकानात मिळते त्यापेक्षा जरा कमी दरानं. मुलगी त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. दुसरी गोष्ट, ताटासारख्या फिरणाऱ्या गोठ्याचा व्हिडिओ त्यांनी बायकांना दाखवला. बायकांनी यंत्राबद्दल काही विचारलंच नाही म्हणे. त्यांनी विचारलं, "दोघंच असतात? मग बोलतात कुणाशी?"

अलीकडे भारत आणि न्यूझीलंड या दोनच देशांच्या व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याची बातमी आली. दूध त्यातून वगळलं होतं. मी ताईंना फोन केला, अभिनंदनच करायला म्हणा ना.

"कळलं," त्या म्हणाल्या. "केंद्रावर पेढे वाटले. पण सफरचंदं येणार म्हणे तुमच्याकडची, कर कमी करून. खरं का?"

"ठरावीक प्रमाणात, असं वाचलं."

"म्हणजे हिमाचलच्या, काश्मीरच्या बायकांचं काय? बागांतून फळं तोडणाऱ्या असतीलच की. आमच्यासाठी सभा झाल्या. त्यांच्यासाठी झाल्या का?"

"माहीत नाही, ताई."

"तू शिकलेली आहेस. बघ की जरा शोधून. आणि तिकडच्या बागेत कोण तोडतं, तेही विचार."

त्या शनिवारी मी मुलीला घेऊन बाजारात गेले. सफरचंदांच्या गाड्यामागे उभा असलेला माणूस चाखायला फोडी कापून देत होता. मी दोन किलो घेतली आणि त्याला विचारलं, तुमच्या बागेत फळं कोण तोडतं. तो म्हणाला, बहुतेक जण सामोआ, टोंगा या बेटांवरून हंगामापुरते येतात. मग मुलीनं विचारलं, "आणि त्यांच्या घरी तेव्हा कोण असतं?"

मराठीत विचारलं होतं तिनं. त्याला काही कळलं नाही, म्हणून मी इंग्रजीत सांगितलं. त्यानं सुरी पुसली आणि विचार करू लागला.